गुडघ्याखाली चार बोटं

अब्बा,

तुम्हाला एक विचारायचं होतं. पावसात सायकल चालवायला म्हणून तुम्ही मला जी अर्धी पँट शिवून दिली होती, ती गुडघ्याखाली चार बोटांवरच का थांबवली? घोट्यापर्यंत का नेली नाही? तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता. अंगावर आलं ते घातलं आणि क्लासला गेले. आता पडलाय, कारण सध्या मी स्वतःसाठी तसलीच एक पँट शोधत फिरतेय आणि दुकानातला माणूस, इंटरनेटवरचे लोक, आमच्या गटातल्या बायका, सगळे मला लांबी विचारतात. घरात आपण दखनी बोलायचो, पण लिहायला बसले की हात मराठीकडेच जातो. गिऱ्हाइकांशी तुम्हीही मराठीच बोलायचात, तेव्हा चालवून घ्या.

मी नांदेडला असते, एका वर्तमानपत्रात. रविवारी सुट्टी असते, आणि गेली काही वर्षं रविवारी आम्ही काही जणी सायकली घेऊन गावाबाहेर पडतो. साधी सायकल नव्हे. जाड टायरची, दगडगोट्यांवरून, चिखलातून, चढावरून जाणारी. मागच्या वर्षी तीच घेऊन आम्ही हिमाचलात गेलो होतो, डोंगरातल्या पायवाटांवर. तिथला पाऊस आपल्या लातूरच्या पावसासारखा नसतो अब्बा. तो बर्फावरून येतो. मी घरचीच सुती ट्रॅकपँट घातली होती. तासाभरात ती भिजून इतकी जड झाली की पॅडल मारताना पायाला कुणी लोंबकळतंय असं वाटायचं. जी खिंड ओलांडायची होती ती अजून लांब होती आणि माझे गुडघे वळेनात. शेवटी मला जीपमध्ये बसवून खाली पाठवलं. काचेतून मी बाकीच्यांना वर जाताना बघत होते. यंदा पुन्हा जायचं ठरलंय, आणि यंदा मला खिंड ओलांडायची आहे. एवढंच. आमच्या गटाची प्रमुख शाळेतून निवृत्त झालेली बाई आहे, बोलायला कडक. तिनं आधीच सांगितलंय, "सुती काही घालून आलीस ना, तर जीपची वाट न बघता मीच तुला ढकलत खाली नेईन."

म्हणून मी नांदेडच्या सायकलवाल्याकडे गेले. सरदारजी आहेत, माझ्याच वयाचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांनी काउंटरवर पाच-सहा पँटी पसरल्या. "ताई, ही बघा. पाणी आत येतच न्हाई. शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली हाय."

मी विचारलं, "आणि घाम बाहेर जातो का?"

ते हसले. "पहिलंच गिऱ्हाईक पाहून राहिलो, जे घामाचं इचारतंय. लोक रंग इचारतात."

मी घामाचं का विचारलं ते तुम्हाला कळलं असेल. त्या दुकानात उभी असताना माझ्या कानात ताडपत्री करकरत होती.

भूकंपात आपल्या दुकानाची मागची भिंत गेली आणि तिथे तुम्ही निळी ताडपत्री बांधली. भिंत नव्यानं उठल्यावर ती ताडपत्री घडी घालून मशीनखाली पडून होती. त्याच सुमारास मी अकरावीत गेले आणि शहरात क्लासेसचं पीक आलं. पहाट फुटायच्या आत मुलांच्या सायकली निघायच्या, गल्लीतून मोठ्या रस्त्यावर, तिथून क्लासच्या इमारतींकडे. नायगाव, जळकोट, कुठून कुठून आलेली मुलं खोल्या घेऊन राहायची. मी घरची, मला खोलीची गरज नव्हती, पण क्लास शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. पाऊस लागला आणि एका पहाटे माझी ओली सलवार चेनमध्ये अडकली. चौकात पडले. हनुवटी फुटली, वह्या पाण्यात गेल्या. घरी आले तेव्हा अम्मी माझ्या हनुवटीला हळद लावत तुम्हाला म्हणाली, "बस हुआ. पावसाळा संपेपर्यंत घरात बसू दे." पावसाळा संपेपर्यंत म्हणजे निम्मा अभ्यासक्रम जाणार, आणि निम्मा गेला की क्लासही जाणार, हे आपल्या तिघांनाही माहीत होतं. तुम्ही घरच्या मशीनवर वाकलेले होता. मग मान वर न करता म्हणालात, "ठैरो. कुछ बनाता मैं."

तुम्ही बनवलंत. तीच ताडपत्री कापून. आणि तिथे तुमच्याकडून चूक झाली, जी फक्त तुमच्यासारख्या जेन्ट्स टेलरकडूनच होऊ शकते. बाईमाणसाला टेप लावायची तुमच्या दुकानात रीत नव्हती. कुणाच्या घरातून काही शिवायला आलं तर मापाचा जुना कपडा यायचा, त्यावरून तुम्ही कापायचात. मी तुमची मुलगी, तरी रीत तीच. तुम्ही माझी शाळेची सलवार मापाला घेतली. सलवारीचं आसन केवढं ढगळ असतं! पँट तयार झाली ती अशी की उभी राहिले की दोन पायांमध्ये पिशवी लोंबायची आणि सीटवर बसले की सगळी ताडपत्री मागे गोळा व्हायची. शिवाय करकर. मी आले की क्लासच्या जिन्यात मुलं मागे वळून बघायची, कुणी तंबू उचलून चाललंय की काय. पाणी आत आलं नाही हे खरं, पण क्लासला पोचेपर्यंत आतून मी घामानं निथळत होते. आणि खरं तर पाणीही आलंच. बरोबर बैठकीच्या मधल्या शिलाईतून, सुईच्या भोकाभोकांतून. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही ती पँट उलटी करून उजेडासमोर धरलीत आणि भोकांतून येणारा प्रकाश बराच वेळ बघत राहिलात. रागावला नव्हता. गंमत वाटत होती तुम्हाला.

त्या दुपारी अम्मी दुकानात आली. सायकल आत घेतली, स्टँडवर चढवली आणि मला वर बसवलं. "खडी रहके सायकल चलाती क्या पोट्टी? बैठके नापो." तुम्ही टेप तिच्या हातात दिला आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात. ती कमरेपासून मागे, मांडीवरून खाली टेप फिरवून आकडे सांगतेय, तुम्ही फळ्यावर खडूनं लिहिताय, आणि मी ढिम्म उभ्या सायकलवर बसून हँडल धरून समोर बघतेय, जणू खरंच कुठे निघालेय. तेवढ्यात तुमचं एक गिऱ्हाईक आलं, सफारी शिवून घेणारे साहेब. दारातच थांबले.

"मास्टर, पोरीला सर्कशीत घालून राहिलात काय?"

"न्हाई साहेब, डॉक्टरकीला. सर्कस रस्त्यावर हाय, चिखलाची."

"मग रिक्षा लावा की."

"रिक्षावाल्याला पहाटं उठवायचं म्हणजे डॉक्टर होण्यापेक्षा अवघड."

साहेब हसत बाकावर बसले. अम्मीनं पदर सावरला आणि आकडे सांगणं चालू ठेवलं.

दुसरी पँट पुष्कळ बरी झाली. ताडपत्री फक्त बैठकीला, बाकी पातळ टेरीकॉट, जे भिजलं तरी वाऱ्यानं वाळायचं. मधली शिलाई तुम्ही काढूनच टाकलीत. पायजम्याला दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा घालतात, ती मियानी, तशी मोठी मियानी लावलीत आणि शिलाया मांड्यांकडे सरकवल्यात. त्यांच्यावर मेणबत्ती घासलीत. मागची कंबर उंच, पुढची खाली. वर लांब कुर्ता आणि रेनकोट, सलवार पिशवीत. क्लासच्या घरमालकीण बाई मला मोरीत कपडे बदलू द्यायच्या. त्या पावसाळ्यात माझा एकही क्लास बुडला नाही. डॉक्टर मी झाले नाही, पण तो दोष पँटीचा नव्हता.

परवा सरदारजींच्या काउंटरवर मी पँट उलटी करून शिलाया बघायला लागले तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमच्या घरी कुणी शिवणकामातलं हाय का?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघं बराच वेळ बोललो. पूर्ण वॉटरप्रूफ पँट थांबून राहणाऱ्याला चांगली. चढावर आतून भिजवते, आणि डोंगरात घामानं भिजलेलं अंगही पावसाइतकंच गारठतं. टायर चिखल उडवतो तो खालून, बैठकीवर, म्हणून तिथे पक्कं कापड हवं. मांडीवर जरा लवचीक, पाणी ओघळून जाईल पण हवा खेळेल असं. आतली, बैठकीला गादी लावलेली चड्डी वेगळी हवी, म्हणजे ती सुकवता येते. माप मी तिथेच एका सायकलवर बसून घेतलं. राहिली लांबी. पूर्ण पँट घेतली तर खाली चिखलानं जड होते, चेनमध्ये जाते. अर्धी घेतली तर गुडघे उघडे. सरदारजी म्हणाले, "गुडघ्याखालपर्यंत घ्या आणि आतून पायांत लोकरीच्या नळ्या घाला. थंडी वाढली की वर, चढ लागला की खाली."

गुडघ्याखालपर्यंत. मी घरी येऊन चार बोटं मोजली आणि मग मला राहवेना. सगळं समजत होतं, एवढंच समजत नव्हतं. तुमच्या काळात, आपल्या गल्लीत, सतरा वर्षांच्या मुलीला एवढी आखूड पँट शिवायची कल्पना तुम्हाला आली कशी? इतकी वर्षं मी मनात धरून होते की तुम्ही फार पुढचं पाहिलं होतं. तुम्ही गेल्यावरही कुणी वडिलांचा विषय काढला की मी हेच सांगायचे. मोकळे होते हो आमचे अब्बा.

काल लातूरला अम्मीला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं. ती हसायला लागली. "आखूड? उन्होंने तो पूरीच सिली थी, टखनों तक. रात में घड़ी करके रखी. मैंने कैंची लगाई."

"तू?"

"फिर? चेन में जाती तो फिर गिरती. अब कटे तो कटे."

"अब्बा काय म्हणाले?"

"क्या बोलते? सुबह देखे. मेरेकू देखे. फिर बैठके किनार मोड़के दिए."

अब्बा, ती किनार मला आठवते. दोनदा दुमडलेली, हातानं तुरपलेली, उलट्या बाजूनंही टाका दिसणार नाही अशी. घाईत घातलेली मशीनची शिलाई नव्हती ती. म्हणजे तुम्हाला वेळ होता. नको म्हणायला, उरलेला तुकडा पुन्हा जोडायला, किंवा नुसतं तोंड पाडून बसायला. त्या वेळात तुम्ही तुरपाई करत होता. तेव्हा काय चाललं होतं तुमच्या मनात? राग होता? की आपल्या हातून जे कापवलं नसतं ते दुसऱ्यानं कापलं म्हणून बरं वाटलं? मला ते खरोखर जाणून घ्यायचं आहे, आणि त्या टाक्यांवरून काही कळत नाही. ते एकसारखे होते.

पँट मी घेतली. पुढच्या आठवड्यात निघतो आहोत. खिंड पार होईल की नाही ते तिथला पाऊस आणि माझे गुडघे मिळून ठरवतील. पण जीपमध्ये बसले तर यंदा कापडामुळे बसणार नाही.

एक मात्र लिहून ठेवते. फोन ठेवता ठेवता अम्मीनं विचारलं, "कायकू पूछ रई? किसके वास्ते है?" मी म्हणाले, ऑफिसातल्या एका बाईसाठी. सेहेचाळीस वर्षांची झाले, आणि जिनं कात्री लावली तिला सांगायला घाबरले. तुम्हाला मात्र चार पानं लिहिली, कारण तुम्ही विचारणार नाही की पाऊस असताना तिकडे जायचंच कशाला.