आईला कळू देऊ नका

नाशिक

आबांना दिशाचा नमस्कार,

आई फोन स्पीकरवर लावते, म्हणून तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितेय.

मी बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. फक्त टाचेमागची शीर सुजलीये. सकाळी पहिली पावलं भिंत धरून टाकते. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पळायचं नाही. पायरीवर उभं राहून टाचा उचलायच्या, हळूहळू खाली सोडायच्या. रोज करते. पण पोलीस भरतीचं मैदान पुढच्याच महिन्यात आहे, आबा.

माझी निवड व्हावी म्हणून श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी घातली, तेव्हापासूनचं हे दुखणं. नवस आईने बोलला होता.

तिचे गुडघे कसे आहेत? अजून माझ्यासाठी सोमवार धरते का? विचारलंच, तर म्हणा, दिशा रोज पळते.

तुमची,
दिशा