आवाज न करणारी गाडी

२ जून २००३, सोमवार

पहिलं म्हणजे माफी. शुद्धलेखन चुकणार. टायपिंग एका बोटाचं, त्यात 'ळ' शोधायला इतका वेळ जातो की पुढचा शब्द विसरतो. वाचणारं कोणी नाही, मीच आहे, तरी माफी मागून ठेवतो. क्लासचे सर म्हणले, रोज आपलं आपलं काहीतरी टाईप करा, हात बसंल. म्हणून हे.

नाव उमेश. नववी सोडली. उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचे, त्यात लई वेळ वाया जायचा.

आज मोठी गोष्ट. बा गाडी घेतोय. पिकअप. काकडी आणि मोगरा जव्हारला न्यायला. आणि माझी मोठी बहीण लाडकी बाळंतपणाला माहेरी आलीय, श्रावणातली तारीख आहे, म्हणून पाड्यात गाडी पायजेच. मागच्या पावसात तानी सुईणीच्या सुनेला डोलीत घालून नेलं होतं. ती ओहळापर्यंतच पोचली. ते लिहीत नाही.

बा म्हणला, पोऱ्या, तू शिकलेला, डिझेल घ्यायची का पेट्रोल ते तू ठरव.

मला आजपर्यंत घरात कोंबडी कुठली कापायची तेही कोणी विचारलं नव्हतं. ठरवलंय: चार जाणत्या लोकांना विचारणार. मगच.

४ जून

जाणत्या लोकांना विचारलं नाही. लोकं कामात होती.

६ जून, क्लास सुटायच्या आधी

जिव्याला विचारायची गरज पडली नाही, तो स्वतःच बोलतो. जिव्या म्हणजे आमच्या दाभोशाकडच्या पाड्यांना जव्हारला नेणाऱ्या जीपचा मालक. मी त्याच्याच जीपला मागं लटकून क्लासला येतो. जीप डिझेलची. तो म्हणला, उम्या, डिझेल म्हणजे घरचा गडी, शिळं खाईल, भिजंल, तरी कामाला जाईल. पेट्रोल म्हणजे जावई. मानपान लागतो. आणि पाण्यात पाय घालत नाय.

जीपमधली सगळी हसली. मी बाहेर बघत बसलो. त्याचं ऐकायचं नाही ठरवलं. डिझेलवाला डिझेलचंच सांगणार.

९ जून

मोखाड्याला डिझेल पिकअप बघितली. बा, मी, जिव्या. रंग गेलेला, पाठीमागचा पत्रा गंजका. मालक म्हणला, बस आत, मार चावी.

मारली. देवा! आख्ख्या आळीतल्या कोंबड्या उडाल्या. म्हातारी बाहेर आली. शाळेची पोरं कुंपणावर चढली. सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी खाली बघून बंद केली.

बानं विचारलं, कशी वाटते? मी म्हणलो, दोष आहे. टेक्निकल.

ते खरंच आहे. इतका आवाज म्हणजे आत काहीतरी सुटलेलं असणार.

११ जून

पेट्रोलची बघितली. जव्हारमधीच, एका ठेकेदाराकडं. आधी कुठल्या तरी साहेबाची जीप होती, मागून कापून पिकअप केलीय. पांढरी. चावी मारली तर चालू झाली का नाही तेच कळेना. बा म्हणला, मार की चावी. मी म्हणलो, बा, चालूच आहे.

काय शांत! बाजारातून गेलो तर एकानं मान वर केली नाही.

ठेकेदार पडत्या भावात द्यायला तयार. घासाघीस केलीच नाही त्यानं. फक्त म्हणला, पाण्यात घालू नका. जिव्यानं विचारलं, का, घातली होती का कोणी? ठेकेदार म्हणला, ती गोष्ट वेगळी. आणि त्याची बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती, ती सूप उचलून आत गेली. दार लावून घेतलं.

उन्हाचा त्रास होत असंल तिला.

१३ जून

निर्णय: पेट्रोल. कारणं माझ्याकडं आहेत. लाडकीला धक्के नको, आवाज नको. थंडीत डिझेल लवकर उठत नाही. आणि पेट्रोल ही पुढची गोष्ट आहे.

बा एकदाच म्हणला, पोरा, ओहळाचं काय? मी म्हणलो, बा, मी विचार केलाय. तो म्हणला, बरं मंग.

ओहळाचा विचार उद्या करणार.

२० जून

गाडी दारात. डांबरीवर जिव्यानं चालवली, पुढची मी स्वतः आणली, चालवायला त्याच्याच जीपवर शिकलोय. लायसन्सला अजून वय नाही, म्हणून पाड्यापुरतीच चालवायची.

आयनं हळद कुंकू लावलं, नारळ फोडला. नारळ नासका निघाला. तानी सुईण गाडीला हात न लावता भोवती फिरली. मी विचारलं नाही तरी म्हणली, ही भिजलेली आहे. मी म्हणलो, ऊन आहे की. ती म्हणली, आतून.

म्हातारी माणसं.

२५ जून

धंदा सुरू. मी काकडी आणि फुलं पाड्यातून ओहळाच्या अलीकडं नेतो. तिथं उतरवून डोक्यावरून पलीकडं. तिथून जिव्याच्या जीपनं जव्हार. जिव्या म्हणतो, उम्याची ट्रान्सपोर्ट कंपनी, घर ते ओहळ. बोलू दे. सुरुवात अशीच असते.

आणली तेव्हा ओहळ कोरडा होता, पाणी आल्यापासून गाडी त्यावरून नेली नाही. गरज काय.

३० जून

ओहळाबद्दल लिहून ठेवतो. आमचा पाडा आणि डांबरी रस्ता यांच्यामधी तो. वरून सिमेंटची फरशी, कठडा नाही. कडेला चुना फासलेला दगड आहे. दगड दिसतो तोवर जायचं. दगड बुडाला की घरात बसायचं. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आज दगड गुडघ्याएवढा दिसत होता. तानी म्हणली, आषाढ आताशी लागला नि एवढं पाणी. बाळ श्रावणातलं.

लाडकी म्हणली, उम्या, नेशील ना मला? मी म्हणलो, डोळे मिटून बस. ती म्हणली, मी उघडेच ठेवीन.

४ जुलै

भुरभुर पाऊस होता. गाडी दोनदा बंद पडली, अंगणातच. तिसऱ्यांदा चावी मारल्यावर खोकली नि चालू झाली.

जिव्या म्हणला, बॉनेटखाली ते गोल असतंय, डिस्ट्रिब्युटर, तिथून ठिणगी जाते. ते भिजलं की संपलं. सगळे पेट्रोलवाले त्याला प्लास्टिकची पिशवी बांधतात. गॅरेजवर मिस्त्रीला सांग, पाच मिनटाचं काम, बांधून देईल.

चांगला सल्ला. सोमवारी जाणार.

७ जुलै

गॅरेजवर गेलो. बाकड्यावर चारपाच लोकं बसली होती. पुढं गेलो, मंग एस.टी. स्टँडपर्यंत तसाच गेलो. परत येताना पण बसलेलीच होती. बुधवारी.

९ जुलै

बुधवारी पण.

११ जुलै

आज बाकडं रिकामं होतं, पण मिस्त्री स्वतःच बाहेर बसला होता. मला बघून म्हणला, काय पायजे? मी म्हणलो, काही नाही.

तसं मिस्त्रीवर अवलंबून राहणं बरोबर नाही. माणसानं आपली गाडी आपण समजून घ्यावी. मीच बांधणार.

१६ जुलै

पाऊस तीन दिवस थांबला नाही, क्लासला येता आलं नाही. दगड बुडाला होता. रात्रीचा ओहळाचा आवाज घरात येतो, गाडा ओढत नेल्यासारखा. लाडकी झोपत नाही. भिंतीला पाठ लावून बसते नि म्हणते, ऐक, दगडं गडगडतायत तळाला.

मी म्हणलो, पाऊस उघडंल.

गाडीखाली आमचा कुत्रा बसत नाही. बैलगाडीखाली बसतो, भिजत. का ते कळत नाही.

१८ जुलै

भाओजींचा निरोप आला, लाडकीला आत्ताच जव्हारला नेऊन ठेवा, मावशीकडं. बानं मला विचारलं. मी म्हणलो, बा, दारात गाडी असताना पाहुणचार कशाला घ्यायचा लोकांचा?

 बा म्हणला, तू म्हणतोस तर.

 लाडकीनं बोचकं बांधलं होतं, ते सोडलं.

मला जरा कसंतरी झालं. पण लोकांनी बोलू नये, की गाडी असून पोरगी चालवत नेली. उद्या पिशवी बांधणार, नक्की.

२८ जुलै

गाडीला सवय लावतोय. रोज सकाळी अंगणात चालू करून बंद करतो. हॉर्न मात्र वाजवत नाही. वाजवून कोणाला दचकवायचं.

४ ऑगस्ट

बांधली! पिशवी बांधली. खताची जाड पिशवी, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. बॉनेट उघडलं, गोल वस्तू सापडली, वायरी जात होत्या, म्हणजे तीच. इतकी घट्ट की वारा जाणार नाही. कोणाला विचारायची गरज लागली नाही. बाला सांगितलं, आता समुद्रात घातली तरी चालंल. बा हसला. लई दिवसांनी.

आता येऊ दे पाऊस.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बुधवारचं लिहितो. टायपिंग आज अजून हळू.

दुपारी जेवताना लाडकीला कळा लागल्या. बा सकाळच्या फेरीनंच काकडी घेऊन जव्हारला गेलेला. तानी सुईणीनं पोटाला हात लावला नि उठली. म्हणली, आडवं आहे, माझ्या हातचं काम नाय, दवाखान्यात न्या. आय रडायला लागली. लाडकी माझ्याकडं बघत होती.

मी गाडी काढली. पहिल्या चावीला चालू. पुढं लाडकी नि तानी, मी चालवायला. आय घरी, आजारी बकरीसारखी दारात उभी.

ओहळावर दगडाचं डोकं दिसत होतं, वाटीएवढं. दिसत होतं म्हणजे जायचं. तानी म्हणली, थांब पोरा, माणसं बोलव, पलीकडं जिव्याची जीप उभी आहे. ती दिसतच होती. टपरीच्या ताडपत्रीखाली पत्ते चालले होते, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं. मी म्हणलो, आपल्याकडं गाडी आहे की.

घातली. पाणी लाल. चाकं बुडाली, मंग दाराशी आलं. अर्ध्यावर गेलो असंल. गाडी बंद पडली. तिची ती शांत पद्धत, मला आधी कळलंच नाही. लाडकी म्हणली, उम्या, थांबलास का? मी म्हणलो, थांबलो नाही.

चावी मारली. नुसतं कुरकुर. परत. परत. पाणी दाराच्या फटीतून पायावर आलं, थंड. गाडी आडवी सरकली, वीतभर, मंग थांबली, मंग अजून सरकली. फरशीला कठडा नाही.

तानी ओरडली, पण तिचा आवाज म्हातारा, पाण्यानंच खाल्ला. ती मला म्हणली, आरडं रं पोरा, बोंब मार! मी काच खाली केली, तोंड उघडलं. पलीकडं सहा सात माणसं होती. त्यांनी वळून बघितलं असतं. सगळ्यांनी.

आवाज निघाला नाही. मी म्हणलो, त्यांचं लक्ष जाईल आता.

लाडकी कळेनं वाकली होती. तशीच वाकून माझ्या मांडीवरून हात घातला नि हॉर्नवर कोपर टेकलं. सगळा भार देऊन. सोडलंच नाही. मी त्या गाडीचा हॉर्न पहिल्यांदाच ऐकला. इतका मोठा असंल वाटलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

जिव्या पत्ते टाकून पळाला. जीप उलटी पाण्यात घातली, डिझेलची, धडधडत, पाणी बॉनेटला लागलं तरी चालूच. दोर बांधला, ओढलं. पलीकडं गेल्या गेल्या लाडकीला उचलून जीपमधी घेतलं. तानी चढली. मी पण चढणार होतो, पण जागा नव्हती. असंल, पण कोणी सरकलं नाही.

जाताना जिव्यानं घाईत आमचं बॉनेट उचलून बघितलं. खताची पिशवी हॉर्नला बांधली होती. हॉर्न एकदम कोरडा.

जिव्यानं बॉनेट खाली टाकलं नि जीपकडं पळाला. 

११ ऑगस्ट

मुलगी झाली. लाडकी बरी आहे. दवाखान्यात पोटाला टाके घातलेत. डॉक्टर म्हणले, अजून थोडा उशीर झाला असता तर. पुढं काय ते बानं सांगितलं नाही.

मी बाला म्हणलो, हॉर्न कोरडा ठेवला म्हणूनच वाजला, नाहीतर काय झालं असतं? बा म्हणला, हां. आणि बैल बांधायला गेला.

१८ ऑगस्ट, सोमवार

जिव्या पोरीला डिझली म्हणतो. दोन दिवसांत पाडा म्हणायला लागला, आता आय पण म्हणते. बारशाला काय ठेवतील ते ठेवतील, हेच राहणार. माझं म्हणणं, अर्धी वाट तरी ती पेट्रोलवरच आली. हे कोणाला बोललो नाही.

पांढरी गाडी ओहळाच्या पलीकडच्या काठावर आहे. कोणी आणायला गेलं नाही. मी जाणार होतो, पण तिथं पत्त्याची लोकं असतात.

सकाळी बा मोखाड्याला निघाला, ती डिझेल पिकअप अजून विकली नसंल तर बघायला. मी कपडे घालून अंगणात आलो. परवाच दवाखान्यातून घरी आलेल्या लाडकीला बा विचारत होता, बाय, तुला कशी वाटते, घ्यायची का? ती म्हणली, आवाज करते ना? बा म्हणला, लई. ती म्हणली, घ्या मंग.

मी म्हणलो, मी पण येतो, टेक्निकल बघायला कोणीतरी पायजे. बानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणला, नको पोरा, तू टायपिंग कर.

करतोय.

आत्ताच सर पळत आले. एस.टी. डेपोत बिबट्या शिरलाय, नाशिक गाडीच्या टपावर बसलाय, खाली उतरत नाही. आख्खा क्लास खिडकीतून बोंब मारतोय, मी टाईप करतोय.