नुसती आई

बुधवार, ९ जुलै

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत. तुझी दोन्ही पोरं शाळेत वेळेवर जात असतील आणि माझे दीर नेहमीसारखा चहा गार करून पीत असतील, असं धरून चालते. इथे दुकान बरं चाललंय. यांनी भिंगं घासायचं नवं यंत्र आणलंय. त्याचा आवाज असा, की गिऱ्हाइकाला नंबर सांगायचा तरी ओरडावं लागतं. परवा एका आजोबांना वाटलं, आम्ही नवराबायको भांडतोय. ते बिचारे मिटवायला बसले.

भिंगरी खुशाल आहे. काच नसलेली फ्रेम नाकावर चढवून काउंटरवर बसते आणि येईल त्याला "वाचा बघू" म्हणून दरडावते. हनुवटीवरची टाक्यांची खूण पुसट झालीय.

कोर्टाच्या तारखेनंतर तुझा फोन नाही. मीही केला नाही. फोनवर तू रडशील, मग मी रडेन, आणि दोघींचे नवरे शेजारी उभे राहून "काय झालं, काय झालं" करत बसतील. म्हणून हे पत्र.

ते उत्तर तुझ्या मनाला लागलंय, हे मला कळतं. न्यायाधीश बाईंनी किती मायेने विचारलं, "बाळ, तुझी आई कोण?" आणि आमचं रत्न म्हणतं, "मोठी का नुसती?" मग माझ्याकडे बोट करून, "ही मोठी आई." तुझ्याकडे करून, "ही नुसती आई." सगळी खोली हसली. आपण दोघी सोडून.

थोरल्या काकूला घरात मोठी आई म्हणतात, हे बाईंना कोणी सांगायचं? तुझं ऑपरेशन झालं आणि तान्ही पोर माझ्याकडे आली, तेव्हा तो शब्द मीच तिच्या तोंडात घातला. तुझी जागा तुझ्यासाठी राहावी म्हणून. पुढे तू बरी झालीस, तिला न्यायला आलीस, आणि ती माझ्या गळ्याची मिठी सोडेना. "राहू दे, तुझीच आहे ती," म्हणून तू रिकाम्या हातांनी बसमध्ये चढलीस. त्यावर आपण कधी बोललोच नाही. दवाखान्यात हनुवटीच्या टाक्यांसाठी तिला भूल द्यायला आईबापांचीच सही लागते म्हणाले, तेव्हा तू दिवसभराचा प्रवास करून आलीस आणि म्हणालीस, "दत्तकाचं कायदेशीर करून टाकू." तेव्हाही नाही.

बाई तुला म्हणाल्या, "हुकूम झाला की तुमचा हक्क संपला. शाळा, दवाखाना, ताबा, सगळं त्यांचं. मागाहून मन बदललं तरी मूल परत मागता येणार नाही. कळतंय ना?" तू नुसती मान हलवलीस. भाऊजी म्हणाले, "कळतंय तिला." बाई म्हणाल्या, "मी आईला विचारतेय." आणि पुढची तारीख पडली.

आमचे वकील म्हणतात, तोवर मुलीला शिकवून ठेवा. 'मोठी' काढून टाका आणि तुला काकू म्हणायला लावा. मी विचारलं, असं कायद्यात आहे का? म्हणाले, "नाही, पण बरं दिसतं." म्हटलं, मग राहू द्या. हक्क कोर्टाने द्यावा, हाक पोरगी ठरवेल. वकिलांना ते फारसं रुचलं नाही.

त्यांनी आणखी एक बजावलं. हुकूम होईपर्यंत आमचा तिच्यावर काडीचाही हक्क नाही. "इतक्यात मुलीला तिकडे पाठवू नका. त्यांनी ठेवून घेतली तर तुम्हाला काही करता येणार नाही."

धाकटे, स्पष्टच लिहिते. मला ती हवी आहे. इतकी, की तू नाही म्हणशील या धास्तीने काल एका मास्तरांना मी त्यांच्या बायकोचा चष्मा बांधून दिला. पण मान हलवून दिलेली मला नको. तू आयुष्यभर मनात कुढायचं आणि मी तुझ्याशी बोलताना नजर चुकवायची, हे मला जमायचं नाही. चार वर्षं तू तिला पाहुण्यासारखी भेटलीस. तिचा हट्ट, तिचं आजारपण, सकाळचं तिचं किरकिरणं तू बघितलंच नाहीस. जे घरात नांदलंच नाही, ते सोडते असं तू कशावरून म्हणणार?

म्हणून शनिवारी हे तिला घेऊन तुझ्याकडे येतायत. तिला सोडून हे लगेच परत निघतील. यांना विचारलं तेव्हा यांनी आधी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "तिची लाल चप्पल बांधून ठेव."

झोपताना तिची पाठ थोपटावी लागते. जोरात थोपट, हळू थोपटलं की ती खेळत बसते. दूध गाळून दे. माझी आठवण काढून रडली, तर लगेच फोन लावू नकोस. जरा तूच समजूत घाल.

तारखेला तिला घेऊन कोर्टात ये. बाई विचारतील तेव्हा हो म्हण किंवा नाही म्हण, पण या वेळी तोंडाने म्हण. तिचं परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

कोर्टाच्या कुठल्याही हुकमाने जिचं नातं बदलत नाही, अशी

तुझी जाऊ