ओ'ड्रिस्कॉल कुलवृत्तांत

६ फेब्रुवारी १९६५, शनिवार. दुबई.
मानवजातीवर अनेक संकटं आली. परंतु टाइपरायटरच्या अपॉस्ट्रॉफीत वाळू जाणं हे संकट कोणत्याही ग्रंथात नोंदलेलं नाही. आमच्या साहेबांचं नाव मिस्टर ओ'ड्रिस्कॉल. त्या 'ओ'च्या कानाशी एक स्वल्पविराम लटकतो. मशीन तो उठवेना. दिवसभर प्रत्येक पत्रावर शाईनं तो मारत बसलो.
रत्नागिरीला संस्कृत घेतलेला वर्गातला मी एकटा मुसलमान, त्यामुळे असा प्रश्न मलाच पडणार. हा इंग्रजीतला अवग्रह. अवग्रह म्हणजे काहीतरी लोप पावल्याची खूण. मग साहेबांच्या नावातून काय लोप पावलं? शोधलं पाहिजे.

८ फेब्रुवारी
निश्चय झाला. साहेबांचा कुलवृत्तांत लिहायचा. आमचे आगाशे गुरुजी स्वतःच्या घराण्याचा लिहीत होते, तेव्हा अक्षर चांगलं म्हणून नकला माझ्याकडून करून घेत. मूळ पुरुष, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा, सगळा साचा पाठ आहे. सतरा मार्चला आयरिश लोकांच्या संताचा दिवस असतो. त्या दिवशी फाईल साहेबांपुढे ठेवायची, साहेब प्रसन्न होणार, आणि त्याच क्षणी रजेचं काढायचं. बकरीद घरी, इन्शाल्ला.
पाच वर्षं रजा नाही. उगाच मागायची नाही, वेळ साधून मागायची. आठवड्यात लिहून होईल.

१० फेब्रुवारी
डिक्टेशनच्या मध्ये सहज विचारलं, सर, तुमचं मूळ गाव कोणतं? साहेब म्हणाले, बसरा. त्याच्या आधी? आबादान. त्याच्या आधी? साहेब म्हणाले, सिमेंटचं पत्र कुठवर आलं?
साहेब विनयशील आहेत. थोर घराण्यातली माणसं स्वतःबद्दल बोलत नाहीत.

१५ फेब्रुवारी
घबाड! सामानाच्या जहाजावर एक आयरिश इंजिनियर आहे, तो टपाल न्यायला येतो. त्याला चहा पाजला. त्यानं सगळं सांगितलं. मूळ पुरुष हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या नावाचा अर्थ मध्यस्थ, निरोप्या. म्हणजे माझ्यासारखा करस्पाँडन्स क्लार्कच! 'ओ' म्हणजे त्याचा वंशज. दक्षिणेच्या किनाऱ्यावर ह्यांची गलबतं. परक्यानं ह्यांच्या पाण्यात जाळं टाकलं की हे कर घेत. आयर्लंडचे आंग्रे म्हणा ना. पुढे बटाट्याला कीड लागली, दुष्काळ पडला, घराणं अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत पांगलं. सोळाशे एकतीसमध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी त्यांच्या एका गावातली माणसं उचलून नेली. हा भाग मुसलमान कारकुनानं लिहावा की नाही? वगळला.
जाताना तो म्हणाला, त्या बाजूला दगड मारला तर ओ'ड्रिस्कॉललाच लागतो; तुझा साहेब त्यातला कोणता? तपशिलाचा प्रश्न. नंतर पाहू.

२१ फेब्रुवारी
खोलीतला सोबती हनीफ गावाहून परत आला. घरचे बोंबील आणले, लोणचं आणलं आणि एक किरकोळ बातमी. गावातल्या एका लग्नाच्या मांडवात शेजारच्या मैमुनाबीनं आमच्या पोरीला, शहनाझला विचारलं, कुणाची गो तू? शहनाझ म्हणाली, हमदुल्लामामाची. सगळा मांडव हसला म्हणे. माझी बायको खैरुन्निसा नाही हसली.
मीही हसलो. मी निघालो तेव्हा पोर आठ महिन्यांची होती, मामाच्या खांद्यावर वाढली. लहान मुलं काहीही बोलतात.
आज कुलदैवताचं प्रकरण. जमलं नाही. डोकं दुखत होतं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार
सुट्टी. दिवसभर लिहायचं ठरवलं होतं. हनीफ मागे उभा राहून वाचायला लागला. म्हणाला, अजीजभाय, साहेबाचा हजार वर्षांचा आजा शोधलास, आणि तुझ्या पोरीला घरचा बाप सापडत नाही. मी म्हटलं, रजा मिळाल्याशिवाय कसा जाऊ? तो म्हणाला, मागितलीस? मी म्हटलं, तुला ऑफिसची पद्धत कळायची नाही. तो म्हणाला, हबीबी, मी जेटीवर पोती मोजतो, पण रजा तोंडानं मागून घेतो.
अशिक्षित माणसाशी वाद घालू नये. बोंबील मात्र उत्तम होते.

५ मार्च
गोत्राची जागा रिकामी सोडली. वंशवृक्षात मूळ पुरुष वर, साहेब खाली, मध्ये साडेनऊशे वर्षं ठिपके ठिपके. दिसायला भारदस्त दिसतं.

१७ मार्च
दिवस शुभ. फाईल हिरव्या फितीनं बांधून ठेवली. साहेबांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. वंशवृक्षापाशी थांबले. बोट ठिपक्यांवरून खाली आणलं.
मग म्हणाले, मजगावकर, मी अनाथाश्रमात वाढलो. चर्चच्या पायरीवर सापडलो. त्या गल्लीत सगळे ओ'ड्रिस्कॉल, म्हणून पाद्र्यानं मलाही तेच लावलं.
सॉरी सर म्हटलं. ते म्हणाले, सॉरी कशाला? माझ्यासाठी इतकं कुणी शोधलं नव्हतं. फाईल ड्रॉवरमध्ये ठेवली. कुलूपही लावलं.
मग विचारलं, तुला कोण आहे? म्हटलं, बायको, आणि आठ महिन्यांची मुलगी. लगेच दुरुस्त केलं, जूनमध्ये शाळेत जाईल. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, पाच वर्षांत रजा का मागितली नाहीस? मला वाटलं, तुलाही कुणी नाही. पुढच्या बोटीनं जा.
झालं. इतकंच होतं. खलास.

१८ मार्च
तिकीट काढलं. घरी तार केली. हनीफनं सगळ्या बिल्डिंगला चहा पाजला, जणू त्यालाच रजा मिळाली.
संध्याकाळी फ्रॉक घ्यायला बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, मुलगी केवढी? हात कमरेपाशी धरला. मग थोडा वर नेला. मग पुन्हा खाली आणला. तो थांबून राहिला होता. शेवटी म्हटलं, मोठा दे, वाढेल त्यात.
रजा मिळणार नाही अशी भीती मला कधी नव्हतीच. घरी पोचल्यावर शहनाझ मामाच्या मागे लपेल आणि हा कोण, असं विचारेल, ही भीती वाटते.