मेहरूणात बुडालेला लीलाधर

१० जानेवारी १९५४, रविवार
मेहरूणच्या तलावात बाप्तिस्मा झाला. पाणी इतकं गार की प्रार्थनेऐवजी दातच वाजले. पाळकसाहेबांनी डोकं धरून बुडवलं, तेव्हा लीलाधर मेला. वर आला तो मी, पेत्र. नाव मीच निवडलं. पाळकसाहेब म्हणाले, पेत्रानंही आधी तीनदा येशूची ओळख नाकारली होती. म्हटलं, तेवढा सोडून बाकीचा पेत्र.
बिडी आजपासून बंद. काडेपेटी सुगंधाला लपवून ठेवायला सांगितली. बिड्या: दोन (थंडीमुळे).

११ जानेवारी
दोन वर्षांपूर्वी जिनमध्ये कापसाची गंजी जळाली, ती लीलाधरच्या बिडीनं. कोर्टात शपथेवर "बिडी गफूर वॉचमनची" म्हणाला, तोही लीलाधरच. गफूरनं जन्मात बिडी ओढली नाही. तो धुळ्याच्या जेलमध्ये आहे. वाईट वाटतं. पण मेलेल्या माणसाच्या भानगडी मी का निस्तरू?
सुगंधा म्हणाली, "नाव बदलनं, बिडी तर तीच शे." बायकोला अध्यात्म कळत नाही. बिड्या: चार (काडी उसनी).

२४ जानेवारी, रविवार
पाळकसाहेबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, पाठ थोपटतील. म्हणाले, देवाला सांगितलंत, चांगलं झालं. आता गफूरला सांगा, मग कोर्टाला.
कोर्टाला! नवा जन्म दोन आठवड्यांचा, आणि लगेच जेल? तरी ठरलं. मंगळवारी पहिल्या बसनं धुळे.

२६ जानेवारी, मंगळवार
प्रजासत्ताक दिन. आज कैद्यांना भेटू देतात की नाही, कोण जाणे. तरी स्टँडवर गेलो होतो. बस सुटली तेव्हा मी पाठमोरा होतो.

९ फेब्रुवारी
जिनच्या फाटकाशी हसीनाबी उभी. गफूरची बायको. म्हणाली, "वो छूट रहे हैं. बोले, लीलाधरभाई से एकच काम है."
एकच काम म्हणजे काय, ते न कळण्याइतका मी खुळा नाही. दाराला दुसरी कडी बसवून घेतली. देवावर विश्वास आहेच, पण कडी असलेली बरी. बिड्या: अकरा.

१७ फेब्रुवारी
गफूर सुटला. कालपासून समोरच्या निंबाखाली बसतो. बोलत नाही, घराकडे बघतो. सुगंधा त्याला पाणी देऊन आली. म्हणे, फार वाळलाय. शुभवर्तमान उघडलं, ओळ पुढे सरकेना. उद्या मीच जाऊन सांगणार. अगदी पक्कं.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
तोच आला. मी आधी त्याचे हात पाहिले. रिकामे होते. "लीलाधरभाई," म्हणाला.
माझ्या तोंडून निघून गेलं, "लीलाधर मेला. मी पेत्र."
 त्यानं सांगितलं, माफ करायला आलो होतो, मन तयार व्हायला दोन वर्षं लागली. आणि दारातच दोन्ही हात पसरून त्यानं मेलेल्या लीलाधरसाठी दुवा मागितली. "उसको माफ किया. अल्ला बख्शे."
मी विचारलं, "आणि मला?"
"आपको तो मैं पहचानता नहीं," म्हणाला आणि चालू लागला.
गफूरभाई, मीच तो, असं ओरडायचं होतं. भीती वाटली. लाज त्याहून जास्त वाटली. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत नुसता उभा राहिलो.
लपवलेली काडेपेटी सुगंधानं आपण होऊन पुढ्यात आणून ठेवली.