व्हाइसमधला पितळेचा कीस

२ फेब्रुवारी, रविवार

दुकानदार खोटं बोलत होता. काम घट्ट आवळून धरायचा व्हाइस, त्यावर रंगाचा एवढा जाड थर कशाला? बीडाचं लोखंड ओतताना भोकं पडली की त्यात पुटी भरून वर रंग मारतात. मला शिकवतो! एकवीस वर्षं कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसलोय. दुसऱ्यानं केलेल्या वस्तूतली खोट काढायची, त्याचाच मला पगार मिळतो.

कागदाची पट्टी घेऊनच गेलो होतो. जबड्यांच्या डाव्या टोकाला पट्टी धरून आवळली, ओढली — हलेना. उजव्या टोकाला धरली — अलगद बाहेर! म्हणजे जबडे समांतर नाहीत. चार व्हाइस असे बाद केले. दुकानदार म्हणाला, "साहेब, व्हाइस घेताय की जावई करून घेताय?" सासरे हसले. मी नाही हसलो.

सासऱ्यांना मी बोलावलं नव्हतं, तेच मागे लागून आले. फिटर म्हणून रिटायर झालेत. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे गेले सात महिने, आमच्याकडेच आहेत. पाचवा व्हाइस त्यांनी दाखवला. "हा घ्या, जावईबापू. बुडाशी फिरतो, खाली पाइप धरायचे दात आहेत, मागे ठोकायला छोटी ऐरण आहे. घरात एकच व्हाइस असणार, तर तो सगळ्या कामाचा असावा. मलाही बरं पडेल."

मलाही? टेबल माझं, खोली माझी, काम माझं. यांना काय बरं पडायचंय?

पण पट्टी दोन्ही टोकांना घट्ट बसली. नाइलाज झाला. घेतला.

४ फेब्रुवारी

ही विचारत होती — व्हाइस कुठे बसवणार, किती उंचीवर बसवणार. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या हत्यारांबद्दल हिनं चकार शब्द काढला नव्हता. आजच का?

९ फेब्रुवारी, रविवार

बसवला एकदाचा! सकाळभर तेच.

जागा टेबलाच्या पायाच्या बरोबर वर, म्हणजे ठोकलं तरी फळी दबत नाही. मागचा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर — लोखंडाची लांब पट्टी उभी धरली तर कडेला अडायला नको. इथपर्यंत माझं आणि सासऱ्यांचं एकमत. मग उंचीवरून जुंपली. त्यांचं म्हणणं, सरळ उभं राहायचं, मूठ हनुवटीखाली धरायची आणि कोपर जबड्याला टेकलं पाहिजे. बरोबर आहे. पण कोणाचं कोपर? ते माझ्यापेक्षा चांगलेच बुटके. "दोन बोटं खाली घ्या, दोन बोटं खाली" — चार वेळा म्हणाले. दारात ही उभी. तीही म्हणते, "घ्या की बाबा म्हणतात तसं."

माझ्या कोपराच्या मापानं बसवला. खाली जाड फळकुट घातलं, चार बोल्ट आरपार, खालून मोठे वायसर. मग नटावर आणि बोल्टावर मिळून तांबड्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. कारखान्यात आम्ही असंच करतो.

सासरे म्हणाले, "नट काय पळून जाणार आहे?"

नट कुठे जातोय! माणसं हात लावतात.

१३ फेब्रुवारी

रेघ तुटली! दोन नटांवरची. आणि गंमत म्हणजे नट सैल नाहीत — पाव फेरा जास्त आवळलेत. सैल केले असते तर समजलो असतो, मला तोंडघशी पाडायचंय. घट्ट कशाला करेल कोणी?

१४ फेब्रुवारी

जेवताना विचारलं. सासरे शांतपणे म्हणाले, "व्हाइस हलत होता. लाकूड दबतं, चार दिवसांनी बोल्ट परत आवळायचाच असतो."

खरं आहे ते. मला आठवायला हवं होतं. पण हलतोय हे कळलं कसं? काहीतरी धरून घासल्याशिवाय व्हाइस हलतोय हे कळत नाही. असं म्हटलं, तर ते आपले पानातलं चिवडत बसले आणि ही म्हणाली, "भाजी वाढू?" दोघं मिळून कशी साळसूद! कुठेतरी पाणी मुरतंय.

२० फेब्रुवारी

टेबलाखाली आत सरकवलेला एक लाकडी खोका. पालथा. वर चपलांचे ठसे. व्हाइस ज्याला उंच पडतो असं कोणीतरी त्यावर उभं राहतंय. मी कामावर असतो तेव्हा.

२३ फेब्रुवारी, रविवार

भिंग घेऊन व्हाइसचे जबडे बघितले. दातांत कीस अडकलाय. पिवळा.

पितळ! माझ्याकडे पितळेचा तुकडासुद्धा नाही. मी लोखंडाशिवाय काही घासत नाही. घरात बसून पितळ घासून माणूस काय करतो? किल्ली करतो. माझं कपाट, माझी हत्यारांची पेटी आणि हा ड्रॉवर, ज्यात ही वही असते — तिन्हींच्या किल्ल्या माझ्या खिशात असतात. त्यांना नेमकं यातलं काय उघडायचंय? या वहीत मी काय लिहितो ते?

कीस कागदात बांधून ठेवला आहे. पुरावा असू दे.

२६ फेब्रुवारी

ही सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. या महिन्यात दुसऱ्यांदा. डोळे तपासायला अडीच तास? परत आल्यावर विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? ही म्हणाली, "तेच." सासरे म्हणाले, "बरे आहेत डोळे." चपला बघितल्या. दोघांच्याही धुळीनं भरलेल्या. दवाखान्यात एवढी धूळ असते होय?

१ मार्च

ड्रॉवरच्या फटीत कागदाचा कपटा लावून गेलो होतो. जागच्या जागी आहे. अजून उघडलेला नाही. अजून!

५ मार्च

हिला सरळच म्हटलं — तुझे बाबा माझ्या मागे काय करतात? ही कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली नाही. "तुम्हाला काय वाटतं ते आधीच ठरलेलं असतं. मला कशाला विचारता?" हे काय उत्तर झालं! दुसरं कोणी असतं तर सांगून मोकळं झालं असतं. मी चिडलो.

८ मार्च, शनिवार

आज दुपारीच घरी आलो, मुद्दाम. दोघं पुन्हा "डॉक्टरकडे". सासऱ्यांच्या खोलीत गेलो. लिहितानाही बरं वाटत नाही, पण गेलो. अंथरुणाखाली काही नाही, बॅगेत काही नाही. चष्म्याच्या जुन्या डबीत — किल्ली! पितळेची, हातानं घासलेली.

हातात घेतल्यावर सवयीनं भिंगाखाली धरली. खाचा मापात आहेत, पण कानशीच्या रेघा बघा — सुरुवातीला डगमगतात, मग सरळ होतात, टोकाला पुन्हा घसरतात. हा चाळीस वर्षं कानस धरलेल्या माणसाचा हात नव्हे. हा शिकाऊ हात आहे. म्हातारपणानं एवढा बिघडला?

मग एकेक करून लावून बघितली. कपाट — नाही. पेटी — नाही. ड्रॉवर — नाही. पुढचं दार, मागचं दार, माळ्यावरची ट्रंक, सायकलचं कुलूप! कशालाच लागेना. जीव भांड्यात पडला. आणि लाजही वाटली.

डबी जागेवर ठेवायला वळलो तर दारात ही. सासरे तिच्या मागे, चपला काढत होते. किल्ली माझ्या हातातच होती.

"लागली कशाला?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं," म्हणाली आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

९ मार्च, रविवार

रात्रभर विचार केला. म्हातारा माणूस आहे, हात शिवशिवत असतील, पितळेचा तुकडा घासत बसतो. बसू दे की! मी उगाच राईचा पर्वत केला. सकाळी उठून बोल्ट काढले, खालचं फळकुट काढलं आणि व्हाइस दोन बोटं खाली बसवला. आता त्यांना खोक्यावर चढायला नको. त्यांना आवाज आला असणार, पण बघायला आले नाहीत. मीही सांगितलं नाही, कळेलच त्यांना. माफी मागायचं मनात होतं. आठवडाभरात मागेन.

नटांवर तांबडी रेघ ओढली. हात आपोआपच गेला.

११ मार्च

कामावरून आलो तर दाराला कुलूप. तेवढ्यात हिचा फोन.

"मी बाबांच्या घरी आलेय. दोघं इथेच राहणार आहोत."

त्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आठ महिने बंद. मी म्हटलं, "आत कशा गेलात? त्या घराची किल्ली तर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यांच्याकडून हरवू नये म्हणून मीच ठेवलीय."

"बाबांना खाचा पाठ आहेत. त्यांचा हात कापतो, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी घासली. इथे येऊन लावून बघायची, परत जाऊन घासायची. आज लागली."

"अगं, मग मागायची ना माझ्याकडे!"

"तीनदा मागितली होती."

फोन ठेवल्यावर ही वही पहिल्या पानापासून चाळली. आठ महिन्यांची वही आहे. नट, वायसर, कीस, चपलांची धूळ, सगळं तारखेनिशी आहे. तिनं किल्ली मागितली, असं एकदाही लिहिलेलं नाही.