तुमची शोकसभा

पंडित श्रीधरराव सोनखेडकर यांना,
जवळा बाजारहून सोनाजीचा दंडवत.

मी अन् माझा मेंढरं राखणारा मित्र मल्हारी, दोघंही रेडिओवर तुमचं गाणं ऐकत म्हातारे झालो. तुमी बांधलेल्या बंदिशी मल्हारी माळावर मेंढरांमागं गात फिरायचा. दोन सालाखाली खरखरत्या रेडिओवर बातमी लागली, पंडित श्रीधरराव गेले. पुढचं आडनाव ऐकूच आलं न्हाई. आमी मारुतीच्या पारावर तुमची शोकसभा घेतली, अन् त्या दिवसापासून मल्हारीनं गाणं सोडलं.

काल दूरदर्शनवर तुमच्यावरचा माहितीपट लागला. मल्हारी माझ्या घरी आला, पण मान खाली घालूनच बसला. शेवटी माहिती सांगणारी बाई म्हणली, "पंडितजी आजही नव्या बंदिशी बांधतात. पुढच्या महिन्यात ते औरंगाबादला गाणार आहेत."

मल्हारी उठून टीव्हीजवळ गेला. "सोना, काय म्हणली ती? हायेत?"

"हायेत गड्या! गेले ते दुसरे कोनी!"

त्यानं पटक्याच्या टोकानं डोळे पुसले अन् तिथंच तुमची चीज धरली. आवाज पार फाटला होता. माझी बायको द्वारका चहा घेऊन दारातच थांबली. "किती दिसांनी गायले भाऊजी," म्हणली.

हे पत्र मी पेटीत टाकणार न्हाई. जित्त्या माणसाला त्याच्या शोकसभेचं कसं कळवावं? पण औरंगाबादला आमी बराबर येणार. मागच्या रांगेत दोन म्हातारे रडताना दिसले, तर गाणं थांबवू नका. आमाला काही तकलीफ नसंल.

तुमी हायेत म्हणून सुखात असलेला,
सोनाजी